दुखण्याचे दिवस आणि गोळ्यांचे दिवस

डोकेदुखी ही माणसाच्या सर्वांत जुन्या आणि सर्वांत सार्वत्रिक तक्रारींपैकी एक असली, तरी वैद्यकाच्या दृष्टीने ती एका बाबतीत इतर बहुतेक तक्रारींहून वेगळी पडते, कारण तिच्या नेहमी आढळणाऱ्या प्रकारांचे निदान पक्के करून देणारी एकही तपासणी आजवर उपलब्ध झालेली नाही. मधुमेहाला रक्तातील साखर, क्षयाला थुंकीची तपासणी, मोडलेल्या हाडाला क्ष-किरण चित्र असा जो बाहेरचा पुरावा मिळतो, तसा अर्धशिशीला मिळत नाही. मेंदूचे एमआरआय चित्र स्वच्छ येते आणि तरीही रुग्ण महिन्यातले आठ-दहा दिवस अंधाऱ्या खोलीत पडून काढत असतो. म्हणून डोकेदुखीच्या बाह्यरुग्ण विभागात वर्षानुवर्षे काम करणाऱ्या वैद्यकाचा अनुभव एकाच निष्कर्षाकडे वारंवार वळतो. या विकारांचे निदान रुग्णाच्या सांगण्यात दडलेले असते आणि उपचारांची दिशा दोन साध्या मोजमापांवरून ठरते: महिन्यात डोके किती दिवस दुखले आणि त्यांपैकी किती दिवस गोळी घ्यावी लागली.

या विकारांचा पसारा पाहता त्यांना वैद्यकीय शिक्षणात मिळालेली जागा फारच अपुरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगातील सुमारे ४० टक्के लोकांना, म्हणजे ३१० कोटी माणसांना, डोकेदुखीचा कोणता ना कोणता विकार होता. कर्नाटकात बंगळूरु शहर आणि परिसरातील खेड्यांमध्ये घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीत, वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झालेल्या प्रौढांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास आढळले. असे असताना, २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या जागतिक आढाव्यात, पदवीच्या संपूर्ण वैद्यकीय अभ्यासक्रमात डोकेदुखीच्या वाट्याला सरासरी अवघे चार तास येतात असे नमूद झाले होते. परिणामी नवा डॉक्टर या रुग्णांना समजून घेण्याची विद्या ग्रंथांपेक्षा बाह्यरुग्ण विभागातच अधिक शिकतो, आणि बरेचदा खुर्चीत समोर बसलेली माणसेच त्याला ती शिकवतात.

वेदना नेमकी कुठून येते हे कळल्याशिवाय रुग्णाचे सांगणे उलगडत नाही. मेंदूच्या गाभ्याला स्वतःला वेदना जाणवत नाही, म्हणून तर रुग्ण जागा असतानाही मेंदूवर शस्त्रक्रिया करता येते. दुखतात ती मेंदूभोवतीची आवरणे, त्यांतील रक्तवाहिन्या, कवटीवरचे स्नायू व त्वचा, तसेच डोळे, दात आणि नाकाभोवतीच्या हाडांतील पोकळ्या, ज्यांना सर्वजण सायनस म्हणून ओळखतात. यांपैकी बहुतेक भागांची संवेदना ट्रायजेमिनल या पाचव्या मस्तिष्कतंतूच्या तीन शाखांमधून मस्तिष्कस्तंभाकडे, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठासारख्या भागाकडे जाते, आणि तिथून खाली मानेच्या वरच्या भागापर्यंत पसरलेल्या केंद्रात मानेतून येणारे मज्जातंतूही येऊन मिळतात. दोन्हीकडचे निरोप एकाच ठिकाणी पोहोचत असल्यामुळे आवरणात सुरू झालेली कळ रुग्णाला मानेत, डोळ्यामागे किंवा गालाच्या हाडात जाणवते, आणि तो पूर्ण प्रामाणिकपणे चुकीच्या जागेकडे बोट दाखवतो. मानेच्या मणक्यात गॅप आहे असे निदान घेऊन, गळ्याला पट्टा लावून आलेल्या कित्येकांची खरी व्याधी अर्धशिशी असते, आणि तिचा झटका मानेच्या अवघडलेपणापासून सुरू होतो एवढेच त्यामागचे कारण असते.

तपासणीतले पहिले काम मात्र अर्धशिशी ओळखण्याचे नसून धोक्याची डोकेदुखी वेगळी काढण्याचे असते. ज्या डोकेदुखीमागे दुसरा आजार असतो तिला दुय्यम डोकेदुखी म्हणतात, आणि ती नसल्याची खात्री झाल्याखेरीज पुढचा विचार सुरू करता येत नाही. त्यासाठी अनुभवी वैद्यक सर्वांत आधी विचारतो तो प्रश्न साधा आहे: "असं डोकं पूर्वी कधी दुखलं होतं का?" दहा वर्षे तशीच दुखत आलेली डोकेदुखी बहुधा जिवाला धोका नसलेली असते, पण आयुष्यात पहिल्यांदाच, एका मिनिटाच्या आत कमाल तीव्रतेला पोहोचलेली वेदना मेंदूच्या आवरणांखालील रक्तस्रावाची असू शकते, आणि तिथे क्षणाचाही विलंब न करता सीटी स्कॅन करावा लागतो, कारण पहिल्या सहा तासांत ही तपासणी सर्वाधिक विश्वासार्ह असते. काही आठवड्यांचा बारीक ताप, उलट्या आणि वाढत जाणारी सुस्ती यांच्यासोबत आलेली डोकेदुखी आपल्याकडे क्षयजन्य मेंदूज्वराची शंका घ्यायला लावते. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली, केस विंचरताना टाळू हुळहुळणारी आणि घास चावताना जबडा भरून येणारी डोकेदुखी कानशिलाच्या धमनीच्या दाहाची असू शकते. हा आजार भारतात तुलनेने कमी दिसत असला, तरी स्टिरॉइड वेळेवर न दिल्यास त्यात दृष्टी कायमची जाऊ शकते.

बाळंतपणानंतरच्या आठवड्यांतील डोकेदुखीकडे तर विशेष लक्ष द्यावे लागते. त्या काळात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते आणि मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांमध्ये गाठ होऊ शकते; बाळंतिणीला पाणी बेताने द्यावे ही घराघरांत अजून टिकून असलेली रीत या धोक्यात भर घालू शकते. जागरणामुळे डोके दुखत असेल असे म्हणून घरच्यांनी चार दिवस थांबावे आणि पाचव्या दिवशी झटके येऊ लागल्यावर तिला रुग्णालयात आणावे, असा क्रम या विभागांत काम करणाऱ्यांना परिचित आहे, आणि म्हणूनच बाळंतिणीचे डोके दुखते हे शब्द कानावर पडताच त्यांची नजर प्रथम डोळ्याच्या पडद्याकडे जाते. हातातल्या छोट्या दुर्बिणीतून बाहुलीच्या आत डोकावल्यास दृष्टीच्या मज्जातंतूची चकती दिसते. तिच्या कडा रेखीव असतील तर काहीसा धीर येतो, त्या सुजून पुसट झाल्या असतील तर कवटीतील दाब वाढल्याची खूण मिळते. ही तपासणी दोन मिनिटांची आणि जवळपास बिनखर्चाची असूनही ती अनेकदा राहून जाते, आणि रुग्णाच्या पिशवीत महागड्या स्कॅनची चित्रे मात्र तीन-तीन असतात.

धोक्याच्या खुणा नाहीत असे ठरल्यावर प्राथमिक डोकेदुखीचा विचार सुरू होतो, म्हणजे अशा डोकेदुखीचा जिथे डोकेदुखी हाच मूळ विकार असतो. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेने १९८८ मध्ये प्रथम तयार केलेल्या आणि २०१८ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत आलेल्या वर्गीकरणात प्रत्येक प्रकाराचे निकष बांधून दिलेले आहेत. अर्धशिशीचा झटका उपचार न केल्यास ४ ते ७२ तास टिकतो. वेदना एका बाजूला असणे, ठणकणे, मध्यम ते तीव्र असणे आणि जिना चढण्यासारख्या साध्या हालचालीने वाढणे या चार लक्षणांपैकी किमान दोन असावी लागतात, आणि त्यांच्या जोडीला मळमळ किंवा उलटी तरी हवी, नाहीतर उजेड आणि आवाज हे दोन्ही नकोसे होणे तरी हवे. असे किमान पाच झटके येऊन गेल्यावर निदानाला बळ येते. निकष पाठ करणे सोपे असते. कठीण असते ते रुग्णाच्या तोंडून त्यांचा माग काढणे, कारण उजेड सहन होतो का असे थेट विचारले तर कित्येक जण नाही-होय म्हणून मोकळे होतात. त्याऐवजी "डोकं उठलं की तुम्ही काय करता?" असे विचारले की चित्र आपोआप उभे राहते. पडदे ओढून घेते, पोरांना गप्प बसवते, ओढणी घट्ट आवळून पडून राहते, कुकरची शिट्टी झाली तरी जीव नकोसा होतो, शेजारच्या घरातल्या फोडणीचा वास आला तरी ढवळून येते, असे एखादी बाई सांगू लागते, तेव्हा तिने एकही वैद्यकीय शब्द न वापरता सगळे निकष पूर्ण केलेले असतात.

या वृत्तांतावर आधीच्या निदानांचे थर चढलेले असतात आणि ते हलक्या हाताने दूर करावे लागतात. महाराष्ट्रात सर्वांत जाड थर पित्ताचा आहे. उलटी झाली की डोके उतरते, हा अनुभव खरा असल्यामुळे पित्त पडले म्हणून बरे वाटले हा निष्कर्ष रुग्णाला स्वाभाविक वाटतो, आणि त्यापोटी वर्षानुवर्षे आम्लनाशक गोळ्या खाल्ल्या जातात. प्रत्यक्षात अर्धशिशीच्या झटक्यात जठराची हालचाल मंदावते, अन्न पुढे सरकत नाही आणि मळमळ होते. उलटी हा त्या झटक्याचाच एक भाग असून पुष्कळांच्या बाबतीत ती झटक्याच्या शेवटाकडे येते. दुसरा थर सायनसचा असतो. अर्धशिशीत ट्रायजेमिनल तंतू चेतवला गेल्यावर प्रतिक्षिप्त क्रियेने नाक चोंदते, डोळ्यांतून पाणी येते आणि वेदनाही गालाच्या हाडात जाणवते, त्यामुळे रुग्ण आणि डॉक्टर दोघेही फसतात. अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आपल्याला सायनसची डोकेदुखी आहे असे मानणाऱ्या २,९९१ जणांची निकषांनुसार तपासणी केली असता त्यांपैकी ८८ टक्के जणांना अर्धशिशीच्या प्रकारातली डोकेदुखी असल्याचे दिसून आले. तिसरा थर चष्म्याच्या नंबराचा; तो शाळकरी मुलांच्या बाबतीत हटकून आढळतो आणि नंबर दोनदा बदलूनही डोके दुखतच राहिले की मग मुलावर अभ्यास टाळण्याचा आरोप येतो.

काही रुग्णांना वेदनेच्या आधी ऑरा नावाची अवस्था येते. नजरेच्या एका कोपऱ्यात चमचमणारी नागमोडी रेघ उमटते, ती हळूहळू पसरते, तिच्या मागे काही काळ काहीच दिसत नाही, आणि ५ ते ६० मिनिटांत सारे पूर्ववत होते. कार्ल लॅशली या अमेरिकी शास्त्रज्ञाने स्वतःच्या ऑराची चित्रे काढून १९४१ मध्ये असा हिशेब मांडला की मेंदूच्या दृष्टिक्षेत्रावरून कसला तरी व्यत्यय मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने सरकत असावा. पुढे १९४४ मध्ये ब्राझीलच्या आरिस्टिडेस लेआओ यांनी प्राण्यांच्या मेंदूत नेमकी तशी लाट प्रयोगाने दाखवली, जिच्यात आधी चेतापेशी उत्तेजित होतात आणि मग काही वेळ निपचित पडतात. पाटाचे पाणी वाफ्यात एका कडेने शिरून सावकाश पुढे सरकावे तशी ही लाट मेंदूच्या पृष्ठभागावरून पसरते, असे समजावून सांगितले की आपण आंधळे होणार किंवा आपल्याला लकवा येणार या धास्तीने आलेल्या माणसाचा चेहरा निवळतो. पक्षाघातात लक्षणे बहुधा एकदम येतात, ऑरात ती पसरत येतात, हा भेद रुग्णाला कळणे त्याच्या मनःस्वास्थ्यासाठी औषधाइतकेच मोलाचे असते. ऑरा असलेल्या स्त्रीने धूम्रपान टाळणे आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याविना न घेणे आवश्यक असते, कारण या गोष्टी एकत्र आल्यास पक्षाघाताचा धोका वाढतो.

झटका कशाने सुरू होतो याबाबत परदेशी पाठ्यपुस्तके चीज, चॉकलेट आणि रेड वाइन यांची यादी देतात. इथल्या खोलीत मात्र वेगळी यादी ऐकू येते. एकादशी, चतुर्थी किंवा नवरात्राचा उपवास, वैशाखातले ऊन, एसटीचा वळणांचा प्रवास, लग्नघरातले जागरण आणि बँडचा आवाज, उदबत्तीचा किंवा अत्तराचा उग्र वास हे उल्लेख सतत येतात. डोक्यावरून न्हाल्यानंतर डोके दुखते ही तर भारतीय स्त्रियांची खास तक्रार. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ मध्ये अशा ९४ रुग्णांची निरीक्षणे आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडून तिला वैद्यकीय वाङ्मयात स्थान मिळवून दिले. तोवर परदेशी पुस्तकांत नाही म्हणून ही तक्रार हसण्यावारी नेली जात असे. या उदाहरणाचा धडा असा की रुग्ण जे पुन्हा पुन्हा सांगतात ते छापील यादीत सापडत नसले तरी नोंदवून ठेवायला हवे. मात्र कारणांच्या शोधाची दुसरी बाजूही अनुभवाने शिकवली आहे. एकेक पदार्थ वगळत गेलेली व्यक्ती अखेर आमटी-भातावर येते, तरी डोके दुखतेच, कारण अर्धशिशीचा मेंदू मुळात बदलांना अतिसंवेदनशील असतो आणि पुष्कळदा दोन-तीन कारणे एकत्र आली तरच झटका येतो. म्हणून आहारातील बंदीच्या याद्यांपेक्षा वेळेवर जेवण, ठरावीक झोप, पुरेसे पाणी आणि नियमित व्यायाम यांवर भर देणे अधिक फलदायी ठरते. उपवास करायचाच असेल तर तो निरंकार न करता दर काही तासांनी थोडे खाऊन करावा, हा सल्ला श्रद्धेला धक्का न लावता पाळता येतो आणि तो बहुधा पाळलाही जातो.

या विभागातील कामाचा सर्वांत अवघड आणि सर्वांत समाधान देणारा भाग गोळ्यांच्या हिशेबाचा आहे. वेदनाशामक औषधे महिन्याच्या ठरावीक दिवसांपलीकडे नियमित घेतली तर तीच डोकेदुखी वाढवू लागतात आणि जी व्यक्ती पूर्वी महिन्यातून चार दिवस आजारी असे, ती महिन्याचे पंधरा दिवस किंवा त्याहून अधिक काळ आजारी राहू लागते. याला औषधांच्या अतिवापराची डोकेदुखी म्हणतात. पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनसारख्या साध्या वेदनाशामकांच्या बाबतीत ही मर्यादा महिन्याला १५ दिवसांची, तर अर्धशिशीवरची अर्गोटामिन व ट्रिप्टान ही औषधे, अफूवर्गीय औषधे आणि कॅफिन वगैरे मिसळलेल्या संयुक्त गोळ्या यांच्या बाबतीत १० दिवसांची असून, असा वापर तीन महिन्यांहून अधिक चालला की निदान ठरते. पण गोळ्या किती घेता, असे विचारले तर जवळजवळ प्रत्येक जण कधीतरीच, असे उत्तर देतो, आणि त्यात लबाडी नसते. गोळी घेणे दात घासण्याइतके अंगवळणी पडले की ते मोजण्यात येत नाही. त्यामुळे प्रश्नाचे रूप बदलावे लागते. "काकू, दहा गोळ्यांची पट्टी किती दिवस पुरते?" असे विचारले की काकू क्षणभर थांबतात, आठवडाभर म्हणतात, आणि मग स्वतःच बोटांवर मोजू लागतात. एक पट्टी पर्समध्ये, एक स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्यामागे, एक देवघराच्या खणात आणि कामावर जाणाऱ्या सुनेच्या टेबलाच्या खणात आणखी एक, असे गोळ्यांचे साठे एकेक करून बाहेर येतात, तेव्हा तो आकडा ऐकून सर्वांत जास्त धक्का त्यांनाच बसलेला असतो.

हे निदान सांगताना आरोपाचा सूर येऊ न देणे फार महत्त्वाचे आहे. घरातले काम थांबू नये, रजा पडू नये, पाहुण्यांसमोर चेहरा पाडून बसावे लागू नये म्हणून घेतलेल्या त्या गोळ्या असतात, आणि त्या सुरू झाल्या तेव्हा आजारावर दुसरा मार्ग आहे असे कुणी सांगितलेले नसते. साधी वेदनाशामके एकदम थांबवता येतात, अफूवर्गीय औषधे टप्प्याटप्प्याने कमी करावी लागतात. थांबवल्यानंतरचे दोन ते दहा दिवस डोकेदुखी अधिक वाढते, मळमळ आणि अस्वस्थता येते, आणि याची कल्पना आधी दिली नाही तर रुग्ण तिसऱ्याच दिवशी पुन्हा पट्टीकडे वळतो. म्हणून सणवार, परीक्षा, लग्नकार्य टाळून तारीख ठरवावी लागते, घरातल्या एका माणसाला विश्वासात घ्यावे लागते आणि त्याच दिवशी प्रतिबंधक औषध सुरू करावे लागते. महिन्या-दीड महिन्याने परतलेली व्यक्ती सकाळी उठल्यावर डोके हलके असते असे सांगते, तेव्हा औषध कमी करून रुग्ण बरा करण्याचा, वैद्यकात विरळाच मिळणारा अनुभव हाती येतो.

झटक्यावरचे औषध कसे घ्यावे याबाबतचे गैरसमज उलट्या दिशेचेही असतात. गोळ्या गरम पडतात म्हणून अर्धीच घेणे, सहन होईल तेवढे सहन करून मगच घेणे, उपाशीपोटी नको म्हणून मळमळत असताना आधी बळेबळे खाणे अशा रीतींमुळे गोळी घेतली जाते तेव्हा झटका भरात आलेला असतो, जठर मंदावलेले असते आणि औषध रक्तात वेळेवर पोहोचत नाही. योग्य मात्रा, झटक्याच्या सुरुवातीलाच, गरज असल्यास उलटीवरील औषधासोबत, आणि आठवड्यातून दोन दिवसांहून अधिक नाही, या चार गोष्टी नीट समजावल्या तर साध्या गोळीचाही गुण दुणावतो. साध्या गोळ्यांनी भागत नसेल तर ट्रिप्टान गटातील औषधे असतात. त्यांतले पहिले, सुमाट्रिप्टान, १९९१ मध्ये बाजारात आले आणि अर्धशिशीसाठी मुद्दाम शोधलेले औषध रुग्णांना प्रथमच मिळाले. ही औषधे रक्तवाहिन्या आकुंचित करीत असल्याने हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्यांना देता येत नाहीत.

झटके वारंवार येत असतील तर ते येऊच नयेत यासाठी प्रतिबंधक औषधे रोज घ्यावी लागतात, आणि इथे संवादाची खरी कसोटी लागते. प्रोप्रानोलॉल हे मूळचे रक्तदाबाचे व हृदयाचे, अमिट्रिप्टिलिन नैराश्याचे, टोपिरामेट अपस्माराचे. अर्धशिशीवरील उपयोग वेगळा आणि पुष्कळदा लहान मात्रेत असतो, पण औषधाच्या दुकानात किंवा मोबाइलवर त्यांचा जुना उपयोग कळला की रुग्ण हादरतो. फिटची गोळी दिली, वेड्यांची गोळी दिली, असे ऐकून औषध बंद केलेले रुग्ण इतके भेटतात की प्रिस्क्रिप्शन लिहिण्याआधीच हा खुलासा करण्याची सवय अनुभवी डॉक्टरांना लागते. सोबत हेही सांगावे लागते की परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, सुरुवात कमी मात्रेने होते, दम्याच्या रुग्णाला प्रोप्रानोलॉल चालत नाही, टोपिरामेटने बोटांना मुंग्या येऊ शकतात आणि मूल होण्याच्या वयातील स्त्रीला ते किंवा व्हॅल्प्रोएट देताना गर्भावरील धोक्याचा विचार अनिवार्य असतो. झटके निम्म्याने कमी होणे हे यश मानले जाते, हे आधीच ठरवले नाही तर महिन्याला बारा दिवसांवरून पाच दिवसांवर आलेली व्यक्तीही अजून दुखतेच म्हणून निराश होते. म्हणूनच पहिल्या भेटीतच रोजनिशीचा एक कागद दिला जातो: तारीख, वेदना किती, किती वेळ, पाळी, झोप आणि कोणती गोळी. तीन महिन्यांनी त्या कागदावरच्या रिकाम्या चौकटी वाढलेल्या दिसतात, तेव्हा रुग्णाला स्वतःच्या सुधारणेची खात्री स्वतःच्याच हस्ताक्षरातून पटते.

अर्धशिशीशिवायच्या प्राथमिक प्रकारांपैकी ताणजन्य डोकेदुखी सर्वाधिक आढळते. ती दोन्ही बाजूंनी आवळल्यासारखी, सौम्य आणि काम करू देणारी असते, त्यामुळे तिच्यासाठी रुग्णालयापर्यंत येणारे कमीच. याउलट क्लस्टर डोकेदुखी विरळा पण भयंकर. एका डोळ्याभोवती १५ ते १८० मिनिटे असह्य कळ येते, तो डोळा लाल होऊन पाणावतो, आणि अर्धशिशीचा रुग्ण निपचित पडून राहतो तसे न करता हा रुग्ण खोलीत येरझारा घालतो, क्वचित भिंतीवर डोके आपटतो. दिवसातून अनेकदा, आठवडेच्या आठवडे ठरावीक वेळी येणाऱ्या या झटक्यांसाठी चांगले दात काढून घेतलेले रुग्ण आजही भेटतात. मुखवट्यातून मिनिटाला १२ ते १५ लिटर वेगाने शुद्ध प्राणवायू १५ मिनिटे दिला की पुष्कळांची कळ विरते, आणि हा उपाय कोणत्याही तालुक्याच्या रुग्णालयात होण्याजोगा आहे.

गेल्या चार दशकांत अर्धशिशीचे रसायनही उलगडत गेले. १९८२ मध्ये सापडलेला सीजीआरपी हा प्रथिनाचा छोटा तुकडा झटक्याच्या वेळी ट्रायजेमिनल तंतूंच्या टोकांतून बाहेर पडतो आणि वेदनेची साखळी चालू ठेवतो, हे दाखवणाऱ्या लार्स एडविन्सन, पीटर गोड्सबी, मायकेल मॉस्कोविट्झ आणि येस ओलेसन या चौघांना २०२१ चा ब्रेन प्राइझ मिळाला. त्या संशोधनातून निघालेले पहिले प्रतिपिंड-औषध, एरेन्युमॅब, २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. किमतीमुळे ही इंजेक्शने इथल्या बहुसंख्य रुग्णांच्या आवाक्याबाहेर आहेत, तरी या शोधाचा एक लाभ त्यांच्यापर्यंत आजच पोहोचवता येतो. अर्धशिशी तारुण्यानंतर पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये सुमारे तिप्पट आढळते, पाळीच्या सुमारास इस्ट्रोजेन उतरताच झटका येतो, आणि घरात त्याची गणना पुष्कळदा नाटकात किंवा कामचुकारपणात होते. सोबत आलेल्या सासूबाईंना किंवा नवऱ्याला बसवून, ही मेंदूची आनुवंशिक प्रवृत्ती आहे, तिचे रसायन माहीत झाले आहे, हिची आई आणि मावशीही अशाच पडून राहत असतील, असे डॉक्टर सांगतात, तेव्हा समोरचे माणूस हळूच आपल्या स्वतःच्या डोकेदुखीबद्दल बोलू लागते, आणि त्या घरातील आजारी बाईला पहिल्यांदाच विश्वासाचे मूठभर माप मिळते.

या सर्व अनुभवातून निघणारी मागणी मोठी नाही. धोक्याच्या खुणा ओळखणारे पाच-सहा प्रश्न, डोळ्याचा पडदा पाहणारी दुर्बीण, रोजनिशीचा एक छापील कागद आणि पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, प्रोप्रानोलॉल, अमिट्रिप्टिलिन यांसारखी स्वस्त, जुनी, सर्वत्र मिळणारी औषधे एवढ्या साधनांवर डोकेदुखीच्या बहुसंख्य रुग्णांची नीट काळजी प्राथमिक आरोग्य केंद्रातही घेता येते. स्कॅन आणि तज्ज्ञ यांची गरज उरलेल्या थोड्यांना लागते. अपुरा आहे तो वेळ. रांगेत शंभर माणसे उभी असताना एका डोकेदुखीला वीस मिनिटे देणे डॉक्टरला परवडत नाही, हे खरे आहे. पण ती वीस मिनिटे पहिल्या भेटीत दिली नाहीत, तर तोच रुग्ण पुढची अनेक वर्षे सायनस, पित्त, नंबर आणि मणका यांच्या फेऱ्यात त्याहून कितीतरी अधिक वेळ आणि पैसा घालवतो. ही वीस मिनिटे सगळीच डॉक्टरांनी द्यायला हवीत असेही नाही. प्रशिक्षित परिचारिका किंवा आशा कार्यकर्ती रोजनिशी भरून घेऊ शकते, पट्टी किती दिवस पुरते हे विचारू शकते, धोक्याच्या खुणा असलेल्या रुग्णाला रांगेतून पुढे काढू शकते. दुखण्याचे दिवस आणि गोळ्यांचे दिवस हे दोन आकडे रुग्णाच्या केसपेपरवर रक्तदाबासारखे नेमाने लिहिले जाऊ लागले, तर डोकेदुखीच्या उपचारांत महाराष्ट्रातील आरोग्य केंद्रे जी मजल मारतील, ती कोणत्याही नव्या यंत्राने मारता येणार नाही.